एक सीडी मारून दे ना!

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



संयोजकांनी मला सांगितलं, "तू त्या सीडींबद्दल बोल." समोरच्या बऱ्याच चेहऱ्यांवर हसू दिसतंय, म्हणजे कोणत्या सीडी ते तुम्हाला सांगायला नको. पण आज आपली मुलंही आली आहेत. त्यांच्यातल्या काहींनी सीडी फक्त वाडीत झाडाला टांगलेली पाहिली आहे, पाखरं हाकलायला. म्हणून जरा पहिल्यापासून सांगतो. सुरुवातीला थोडी गंमत आहे, पण शेवटी मला तुमच्याकडे काहीतरी मागायचं आहे. तेव्हा जेवणाची घंटा होईपर्यंत कुणी उठू नका.

साधारण २००० ते २००८ हा तो काळ. एडवण, कोरे, मथाणे, दातिवरे या आपल्या पट्ट्यात घरी कॉम्प्युटर असलेली घरं बोटावर मोजण्याइतकी. आमच्याकडचा कॉम्प्युटर आला तो लॅमिंग्टन रोडवरून, सुट्या भागांत. सफाळ्याहून सकाळची गाडी, विरारला बदल, मग ग्रँट रोड. तेव्हा डहाणूपर्यंत लोकल नव्हती, ती २०१३ मध्ये सुरू झाली. परत येताना खोकी मांडीवर, आणि सफाळ्यापासून पुढे एसटीत माझ्यापेक्षा त्या खोक्यांनाच जास्त जागा. त्यात पुढे सीडी रायटर बसवला आणि घराला नवीनच भाव आला. संध्याकाळी कुणी ना कुणी दारात हजर. "एक सीडी मारून दे ना!"

कशाला हवी असायची सीडी? हळदीला, साखरपुड्याला, सत्यनारायणाला, नवरात्रात, क्रिकेटच्या सामन्यांना. कुणाला किशोर-लता हवे, कुणाला भीमसेन जोशींचे अभंग, आणि हळदीसाठी वेसावकर मंडळींची कोळीगीतं तर हवीतच. बोईसरच्या एमआयडीसीत कामाला जाणारी आपली मुलं कुठून कुठून एमपी३ फाइली जमवून आणायची. गाणी होती, पण ती कॉम्प्युटरमध्ये अडकलेली. मांडवातल्या स्पीकरवाल्याकडे जो प्लेअर असायचा त्याला एमपी३ म्हणजे काय ते ठाऊकच नव्हतं. त्याला कळायची ती फक्त ऑडिओ सीडी.

आता हा फरक मुलांनो नीट ऐका, कारण पुढचं सगळं त्यावरच उभं आहे.

ऑडिओ सीडी ही फिलिप्स आणि सोनी या दोन कंपन्यांनी मिळून ठरवलेली वस्तू. तिचे प्लेअर १९८२ मध्ये जपानात पहिल्यांदा विक्रीला आले. नियम एकदम पक्का. आवाजाचं माप सेकंदाला ४४,१०० वेळा घ्यायचं, डाव्या बाजूचं वेगळं आणि उजव्या बाजूचं वेगळं, आणि प्रत्येक माप १६ बिटांत लिहायचं. हिशेब केला तर एका सेकंदाला १,७६,४०० बाइट होतात, म्हणजे मिनिटाला साधारण १० एमबी. पाच मिनिटांचं गाणं ५० एमबीच्या वर जातं. तेव्हाच्या हार्ड डिस्कच्या मानाने हे फारच झालं.

एमपी३ची करामत अशी की तेच गाणं पाच एमबीत बसतं. जर्मनीत एर्लांगन गावी फ्राउनहोफर संस्थेत कार्लहाइन्झ ब्रँडनबुर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही पद्धत घडवली, आणि १९९५ मध्ये त्या फाइलींना एमपी३ हे शेपूट लागलं. करामत माणसाच्या कानावर आधारलेली आहे. समुद्राला उधाण आलेलं असताना भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक ऐकू येत नाही. म्हणजे मोठ्या आवाजाच्या सावलीत जे लहान आवाज झाकले जातात ते टाकून दिले तरी कानाला फारसं कळत नाही. एमपी३ नेमके तेच टाकते. १२८ केबीपीएस हे तेव्हाचं सर्रास चालणारं माप, त्यात मूळ माहितीचा जवळपास अकरावा हिस्सा उरतो.

तर आमचं काम काय? पाच एमबीचं गाणं उलगडून पुन्हा पन्नास एमबीचं करायचं आणि ते ऑडिओ सीडीच्या नियमात बसवून डिस्कवर उतरवायचं. ७०० एमबीच्या डिस्कवर फाइली तशाच ठेवल्या तर सव्वाशे-दीडशे गाणी मावायची. ऑडिओ सीडी केली की ८० मिनिटं, म्हणजे पंधरा-सोळा गाणी. हे लोकांना पटवणं सगळ्यांत अवघड. "अरे, त्याच्या सीडीत दीडशे बसली आणि तू सोळाच देतोस?" दीडशेची सीडी मांडवात लावली की प्लेअर नुसता गरगर फिरायचा आणि काहीच वाजवायचा नाही, मग पटायचं.

हे काम करणारं सॉफ्टवेअर म्हणजे नीरो. पूर्ण नाव 'नीरो बर्निंग रॉम'. रोम जळत असताना फिडल वाजवणाऱ्या सम्राटाच्या गोष्टीवरून हा शब्दांचा खेळ. त्याच्या चित्रात रोमचं कलोसियम पेटलेलं दाखवलेलं असायचं. आपल्या इतिहासाच्या सरांनी लगेच हात वर केला असता, कारण कलोसियम बांधायला घेतलं ते नीरो मेल्यानंतर!

पण 'जाळणे' हा शब्द मात्र खरा होता. बाजारात विकत मिळणाऱ्या सीडीवर साच्याने दाबलेले बारीक खळगे असतात. आपल्या कोऱ्या सीडीत प्लॅस्टिकवर एका सेंद्रिय रंगाचा पातळ थर असतो, त्यावर धातूचा चकचकीत थर आणि त्यावर नुसतं लाखेसारखं लुकण. रायटरचा लेझर त्या रंगाला क्षणभर तापवतो आणि तिथे डाग पडतो. तुमची सगळी हळद, सगळे अभंग म्हणजे असे कोट्यवधी डाग. हे डाग पाडायला सुरुवात झाली की मधे थांबता यायचं नाही. माहितीचा ओघ तुटला की सीडी बाद. पुढे २०००च्या सुमारास ओघ तुटला तरी रायटरला थांबून पुन्हा तिथूनच सुरू करता येईल अशी युक्ती निघाली. पण आपल्याकडे ओघ तुटायचा तो वेगळ्याच कारणाने. भारनियमन! संध्याकाळी कधी दिवे जातील ते सगळ्यांना पाठ. त्यामुळे, "आधी घड्याळ बघ आणि मग सीडी घाल," हा आमच्या घरचा नियम. ८ एक्सच्या वेगाने एक सीडी व्हायला दहा मिनिटं लागायची. त्या दहा मिनिटांत कुणी मिक्सर लावायचा नाही, कुणी इस्त्री लावायची नाही, आणि दारातून आलेल्याने "झालं का?" असं विचारायचं नाही. बाद झालेल्या सीडी वाडीत जायच्या. म्हणजे पाखरं हाकलायची सोय आमच्याकडून फुकट.

आता गमतीचा भाग संपला.

त्या काळात माझ्याकडे सिनेमाची गाणी मागणाऱ्यांच्या जोडीने आणखी एक प्रकारची माणसं यायची. त्यांच्या पिशवीत कॅसेट असायची. "ही हळदीची आहे, आमच्या आईच्या आवाजात. सीडी करून मिळेल का?" कुणाकडे आपल्याच शाळेच्या स्नेहसंमेलनाची कॅसेट, कुणाकडे आजोबांनी म्हटलेली आरती.

आपल्याकडच्या लग्नातली गाणी तुम्हाला माहीत आहेत. मुहूर्तमेढ रोवताना, उटणं वाटताना, हळद लावताना, नवरी निघताना, प्रत्येक वेळेचं वेगळं गाणं. वाडवळ, मांगेला, भंडारी, आगरी, कोळी, प्रत्येक आळीची चाल वेगळी आणि बोलीही वेगळी. वारल्यांमध्ये तर लग्न लावते तीच मुळी गाणारी बाई, धवलेरी. आगरी-कोळ्यांत धवलारीण. शब्द किती जुना आहे बघा. तेराव्या शतकात महानुभाव पंथातल्या महदंबेने रुक्मिणीच्या लग्नाचे 'धवळे' रचले. मराठीतली आद्य कवयित्री म्हणून आपल्या मराठीच्या बाईंनी तिचं नाव पाठ करून घेतलं होतं. तिचे धवळे पंथाच्या लोकांनी लिहून जपले म्हणून शब्द आपल्यापर्यंत पोहोचले. तिचा आवाज पोहोचला नाही. पोहोचणार तरी कसा? तेव्हा आवाज धरून ठेवायचं साधनच नव्हतं.

आपल्या आयांच्या वेळेला साधन होतं. टेपरेकॉर्डर होता, नंतर आमचा कॉम्प्युटर होता. आणि तरीही तो आवाज आपल्या हातून निसटतोय. कसा, ते सांगतो.

गेल्या वर्षी आपल्या वर्गातल्या एका मैत्रिणीने मला एक सीडी आणून दिली. २००३ मधली, तिच्या बहिणीच्या हळदीची. हळदीची गाणी तिची आई म्हणतेय, मागून चार-पाच बायका झेलतायत. आई आता नाही. सीडी बाहेरच्या एका दुकानात केलेली. कॅसेटवरून आधी छोट्यात छोट्या एमपी३ फाइली, आणि मग त्यांची ऑडिओ सीडी. सीडीवर नऊ गाणी. पहिली सहा वाजली. सातवं अडखळलं, आठवं आणि नववं लागेचना. तीन वेगवेगळ्या ड्राइव्हमध्ये घालून पाहिलं. सीडी उजेडात धरली तर कडेकडेने वरचा धातूचा थर विरलेला, आरपार दिसतंय. आपल्या खाऱ्या दमट हवेत हे व्हायचंच. गाणी आतल्या बाजूने बाहेर लिहिली जातात, म्हणून शेवटची आधी जातात.

मी विचारलं, मूळ कॅसेट कुठे? ती म्हणाली, सीडी झाली म्हणून कॅसेट टाकली असेल. तरी घरी जाऊन माळा शोध म्हटलं. कॅसेट सापडली! पांढरी बुरशी धरलेली, आणि फितीला दाब देणारी आतली मऊ गादी निखळलेली. फीत दुसऱ्या चांगल्या कॅसेटच्या खोक्यात बसवली, बुरशी हलक्या हाताने पुसली, टेपचं हेड अल्कोहोलने साफ केलं आणि कॉम्प्युटरला जोडून पूर्ण आकारात, जराही न दाबता, उतरवून घेतली.

मग आम्ही दोन्ही शेजारी शेजारी ठेवून ऐकलं. आधी सीडीवरचं पहिलं गाणं, मग कॅसेटवरचं तेच. सीडीवर शब्द कळतात, चाल कळते. पण आवाज जरा पाण्यात बुडल्यासारखा, आणि मागच्या बायकांचा मिळून एकच गोळा झालेला. कॅसेटवर फितीची खरखर आहे, पण त्या खरखरीच्या आत सगळं आहे. उटणं वाटताना पाट्यावर आपटणाऱ्या बांगड्या आहेत. मागच्या बायकांपैकी कुणाचा आवाज कोणता ते मैत्रिणीने नाव घेऊन सांगितलं. आणि ओळ उचलायच्या आधी आई श्वास घेते, तो श्वास आहे. सीडीवर तो नव्हता. मैत्रीण तिथे थांबली आणि म्हणाली, "पुन्हा लाव." आम्ही तेवढा श्वासच चार वेळा ऐकला.

हे का झालं? एमपी३ बनवणाऱ्यांना स्वतःलाच हा अनुभव आला होता. अमेरिकेतली गायिका सुझान व्हेगा हिचं 'टॉम्स डायनर' हे गाणं वाद्यांशिवाय आहे, नुसता एकटा आवाज. ब्रँडनबुर्ग यांनी ते आपल्या पद्धतीने दाबून पाहिलं तेव्हा ते फार वाईट ऐकू आलं, आणि मग त्याच गाण्यावर पुन्हा पुन्हा ऐकत त्यांनी पद्धत सुधारली. भरगच्च वाद्यमेळात काढून टाकलेलं लपतं. एकट्या माणसाच्या गळ्यात लपायला जागाच नसते. आपल्या आयांची गाणी तर अशीच, बिनवाद्याची.

आणि सगळ्यांत महत्त्वाचं. दाबताना जे गेलं ते उलगडताना परत येत नाही. पाच एमबीचं पन्नास एमबी झालं की वाटतं, आता पूर्ण झालं. डिस्क मूळ सीडीसारखीच दिसते, प्लेअर तिला मूळ सीडीच समजतो. पण साडी कापून रुमाल केला आणि त्या रुमालाला पुन्हा सहा वार कापड जोडलं, तर ती आधीची साडी होत नाही. आज त्या सीडीवरून कुणी पुन्हा एमपी३ करून मोबाइलवर पाठवतं, म्हणजे झेरॉक्सची झेरॉक्स. व्हॉट्सॲपवर आवाज पाठवताना तो आणखी दाबला जाऊ शकतो, म्हणून पाठवायचंच असेल तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा.

सिनेमाच्या गाण्यांची मला काळजी नाही. ती कंपन्यांच्या तिजोरीत आहेत, मालकीही त्यांचीच, आणि आता ती प्रत्येकाच्या फोनवर ऐकायला मिळतात. पण एडवणच्या एका आळीतल्या हळदीचं गाणं जगात फक्त एका कॅसेटवर असू शकतं. ते कुठल्याच कंपनीकडे नाही.

हे काम होऊ शकतं याचं मोठं उदाहरण आपल्या महाराष्ट्रातच आहे. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटविन यांनी गावोगाव फिरून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. बर्नार्ड बेल यांनी त्यांच्या सोबतीने १२० तासांहून अधिक ध्वनिमुद्रण केलं. आज 'परी' या संस्थेने त्या ओव्या सगळ्यांसाठी खुल्या केल्या आहेत, गाणाऱ्या बाईचं नाव आणि गाव यांसह. आपल्याला लाख नको. आपल्या गावातल्या पन्नास कॅसेट निघाल्या तरी पुरे.

तर आता माझं मागणं. नीट लक्षात ठेवा.

घरी जाऊन माळा, पेटी, शोकेसचा खालचा कप्पा बघा. कॅसेट सापडली तर लगेच टेपमध्ये घालून वाजवू नका. बुरशी असेल तर टेपही खराब होतो आणि फीतही तुटते. सुक्या जागी ठेवा आणि मला कळवा. सीडी सापडली तर मऊ कापडाने मधून कडेकडे सरळ पुसा, गोल गोल नको. तिच्या वरच्या बाजूला बॉलपेनने काही लिहू नका. लोक खालची चकचकीत बाजू जपतात, पण माहितीचा थर असतो तो वरच्या बाजूला, त्या लुकणाच्या लगेच खाली. सीडी झाली म्हणून कॅसेट टाकू नका, आणि पेन ड्राइव्ह झाला म्हणून सीडीही टाकू नका.

उतरवून घेताना पहिली प्रत न दाबलेली, वेव्ह फाइल. जागा वाचवायची तर फ्लॅक करा. त्यात आवाज घडी घातलेल्या साडीसारखा असतो, उलगडली की सहा वार पूर्ण. ऑडॅसिटी नावाचं फुकट सॉफ्टवेअर यासाठी पुरतं. तासाभराची कॅसेट उतरवायला तासभरच लागतो, ती ऐकतच बसावं लागतं, आणि त्यात काही वाईट नाही. मग तीन प्रती तीन ठिकाणी ठेवा, आणि त्यातली एक गावाबाहेर. पालघरला, विरारला, परदेशात असलेल्या मुलीकडे, कुठेही.

आणि नाव लिहा. कोण गातंय, मागून कोण झेलतंय, कुणाचं लग्न, कोणतं साल. आज समोर बसलेल्या कित्येक काकी आणि मावश्या आवाज ऐकून नाव सांगू शकतात. आणखी दहा वर्षांनी ते कुणाला सांगता येईल? जी गाणारी बाई आज हयात आहे तिच्याकडे तर टेपही शोधायला नको. फोन घेऊन जा, शेजारी बसा, पंखा बंद करा आणि म्हणायला सांगा. गटावर टाकण्याआधी मात्र तिची आणि घरच्यांची परवानगी घ्या.

आपल्या स्नेहसंमेलनाच्या कॅसेटचाही शोध चालू आहे. तिच्यात आपल्या काही सरांचे आणि बाईंचे आवाज आहेत जे आज इथे नाहीत. ती कुणाकडे तरी आहे. नेली कुणी, हे कुणी विचारणार नाही. फक्त आणून द्या.

बाहेर नावनोंदणीच्या टेबलावर एक वही ठेवली आहे. ज्यांच्या घरी कॅसेट किंवा सीडी असेल त्यांनी नाव आणि फोन लिहून जा. टेप माझ्याकडे आहे, चालू आहे. इतकी वर्षं तुम्ही मला म्हणत आलात, "एक सीडी मारून दे ना." आज मी म्हणतो, तुमच्या घरची ती एक कॅसेट काढून द्या ना.